जातीवरून ऑनलाइन शिवीगाळ: आधी पुरावा, मग ब्लॉक

१४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि १ जानेवारी. या तीन तारखांच्या आगेमागे माझा फोन हमखास वाजतो. कुणाच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी ‘सरकारी जावई’ काढलेले असते, कुणाच्या इन्स्टाग्रामच्या फोटोखाली थेट जातीचे नाव घेऊन शिवी असते, कुणाच्या सोसायटीच्या ग्रुपवर चैत्यभूमीच्या गर्दीवरून घाणेरडा विनोद फिरत असतो. मी वकील नाही. तक्रारअर्ज लिहायला मदत करता करता इतकी वर्षे गेली, एवढेच.

मदत मागायला येणाऱ्यांनी तोवर चार गोष्टी उरकलेल्या असतात: तिथल्या तिथे भांडण, ब्लॉक, ग्रुपमधून बाहेर, आणि अर्धवट कापलेला स्क्रीनशॉट स्टेटसला. यातल्या काही गोष्टी पुढे करायच्याच असतात, पण आधी त्या केल्या की प्रकरण पांगळे होते. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. क्रम मोडू नका.

टप्पा ०: काही घडायच्या आधीची तयारी

हे आजच करा, दहा मिनिटे लागतील.

जातीचा दाखला स्कॅन करून ई-मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. ऐनवेळी तो गावाकडच्या ट्रंकेत असतो आणि पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न त्याचाच येतो. व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसीत जाऊन ‘ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते’ हे ‘माझे कॉन्टॅक्ट्स’वर आणा, बॅकअप चालू ठेवा. फेसबुक-इन्स्टाग्रामवरून फोन नंबर, घराचा पत्ता, मुलांच्या शाळेचे नाव दिसते का, ते एकदा दुसऱ्याच्या फोनवरून पाहा. स्वतःच्या फोनवरून पाहिले तर आपल्याला सगळेच दिसते, त्यामुळे अंदाज येत नाही.

टप्पा १: पहिला अर्धा तास

उत्तर देऊ नका. अवघड आहे, मला ठाऊक आहे. अंगातून कळ जाते आणि बोटे आपोआप चालायला लागतात. पण तुम्ही उलट आई-बहिणीवरून गेलात, की दुसऱ्या दिवशी समोरचा तोच स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात आधी पोचलेला असतो. क्रॉस कम्प्लेंटचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे आणि तो आपणच बांधून देतो.

फार झाले तर एकच ओळ लिहा: ‘हे जातीवाचक आहे, मी याची नोंद घेत आहे.’ त्यापुढे एक शब्दही नाही. कित्येकदा याला समोरचा पुन्हा काहीतरी लिहितो, आणि त्याचा हेतू स्वतःच उघड करतो.

थांबा: या टप्प्यावर ब्लॉक, रिपोर्ट किंवा ‘लेफ्ट’ यातले काहीही करायचे नाही. फोन हातातून ठेवा, पाणी प्या, घरातल्या एका माणसाला सांगा.

टप्पा २: पुरावा गोळा करणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. व्हॉट्सअॅपवरचा मेसेज पाठवणारा साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, आणि अॅडमिनला तर दुसऱ्याचाही मेसेज उडवता येतो. ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर २४ तासांतही सगळे साफ होऊ शकते. तेव्हा पहिला अर्धा तास सरला की हेच काम.

१. स्क्रीन रेकॉर्डिंग. स्क्रीनशॉटपेक्षा हे वरचढ. फोनच्या होम स्क्रीनपासून सुरू करा. तारीख-वेळ दिसू द्या, अॅप उघडा, ग्रुप उघडा, वादाच्या आधीच्या दहा-पंधरा मेसेजपासून सावकाश खाली या. शिवीच्या मेसेजवर थांबा. मग पाठवणाऱ्याच्या नावावर दाबून त्याचा नंबर दाखवा, ग्रुप इन्फो उघडून ग्रुपचे नाव, सदस्यसंख्या आणि सदस्यांची यादी शेवटपर्यंत सरकवा.

नंबर दाखवण्यावर माझा एवढा भर का, ते सांगतो. एका मित्राने चोवीस स्क्रीनशॉट आणले होते, झकास, एकही कापलेला नाही. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचे नाव: ‘मिल्या ९ वी ब’. कारण नंबर त्याच नावाने सेव्ह होता. ठाण्यातल्या हवालदाराने कागद उलटसुलट करून विचारले, ‘हा मिल्या कोण?’ मित्राला आडनाव आठवायलाच पाच मिनिटे लागली. नंबर मात्र एकाही पानावर नव्हता.

२. स्क्रीनशॉट. पूर्ण पडद्याचा, वरची वेळेची पट्टी न कापता. लाल गोल, बाण, इमोजी काही नाही. खुणा करायच्याच असतील तर वेगळ्या प्रतीवर करा.

३. लिंक. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स यांवरच्या पोस्टची आणि प्रोफाइलची, दोन्हींची लिंक कॉपी करा. कमेंटची वेगळी लिंक मिळते, तीही घ्या. लोक रातोरात नाव आणि फोटो बदलतात. नुसत्या नावावर शोधायला गेलात तर त्या नावाची पन्नास खाती सापडतील.

४. चॅट एक्सपोर्ट. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये ‘एक्सपोर्ट चॅट’ वापरून मीडियासह फाइल काढा आणि स्वतःच्या ई-मेलवर पाठवा. ग्रुपवर चॅटची जादा प्रायव्हसी चालू असेल तर एक्सपोर्ट होत नाही. मग दुसऱ्या फोनने या फोनच्या पडद्याचे चित्रीकरण करा.

५. घटनेची वही. साधी वही चालेल. तारीख, वेळ, कुठे, नेमके शब्द, कोणी पाहिले, कोणी हसण्याचा इमोजी टाकला, कोणी विरोध केला. हे त्याच दिवशी लिहा. आठवड्याने लिहिलेल्यात राग जास्त आणि तपशील कमी असतो.

आता मूळ फोनबद्दल. तो रिसेट करू नका, विकू नका, अॅप काढून पुन्हा टाकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. पूर्वी ज्याला सगळे ‘६५ ब’ म्हणत, तेच. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये काही बदल झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) त्यात लिहावी लागते. वकील किंवा तपास अधिकारी ते करून घेतील. तुमचे काम एकच: मूळ फाइल मूळ फोनमध्ये जशीच्या तशी ठेवणे. व्हॉट्सअॅपवरून फिरवलेली प्रत नव्हे.

तपासा: पाठवणाऱ्याचा नंबर किंवा प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ, नेमके शब्द, ग्रुपमध्ये किती लोक होते. या चारपैकी एकही राहिले असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: स्वतःभोवती कुंपण

आता ब्लॉक करा, खुशाल. इन्स्टाग्रामवर आधी ‘रिस्ट्रिक्ट’ करून पाहायला हरकत नाही. समोरच्याला कळत नाही, त्याची नवी कमेंट इतरांना दिसत नाही, पण तुम्हाला उघडून पाहता येते. ‘हिडन वर्ड्स’मध्ये (तिथे टाकलेले शब्द असलेल्या कमेंट आपोआप लपतात) नेहमीच्या शिव्या देवनागरीत आणि रोमन लिपीतही टाका. स्पेलिंगचे चार-पाच प्रकार टाका, कारण शिव्या देणाऱ्यांचे शुद्धलेखन तसेही यथातथाच असते.

ग्रुप सोडायची घाई मात्र नको. बाहेर पडलात की पुढे तिथे काय चालले आहे, हे कळायचा मार्ग बंद. ग्रुप म्यूट करा, आर्काइव्हमध्ये टाका. आत राहणे सहनच होत नसेल, तर विश्वासाचा एक माणूस आत आहे याची खात्री करून मगच निघा.

पत्ता, फोन नंबर किंवा मुलीचा फोटो पसरवला गेला असेल, तर हा आणि पुढचे तीन टप्पे एकाच दिवशी उरका. एक रेकॉर्डिंग झाले की लगेच रिपोर्ट. तिथे मजकूर उतरणे जास्त महत्त्वाचे.

टप्पा ४: माणसे जोडा, पण झुंड नको

एकट्याने पुढे जाऊ नका. तीन प्रकारची माणसे लागतात.

एक, साक्षीदार. ग्रुपमधल्या दोघा-तिघांना वैयक्तिक फोन करा आणि त्यांच्या फोनवरही तो मेसेज जपून ठेवायला सांगा. आपल्या जातीबाहेरचा एखादा साक्षीदार मिळाला तर फार उत्तम. सगळेच साक्षीदार तुमच्या भावकीतले असले की समोरचा वकील तोच धागा ओढतो. फोनवर ‘तू कोणाच्या बाजूने?’ असे विचारू नका. ‘तू तो मेसेज पाहिलास ना? डिलीट करू नकोस’ एवढेच म्हणा. लोक बाजू घ्यायला घाबरतात, मेसेज ठेवायला तितके घाबरत नाहीत.

दोन, सोबती. रोज रात्री फोन करणारा, ठाण्यात शेजारी बसणारा. त्याने कायदा जाणण्याची गरज नाही. तुमच्या फोनवरच्या कमेंटही तोच वाचील, तुम्ही वाचू नका.

तीन, जाणकार. वकील, वस्तीतले कार्यकर्ते, किंवा अॅट्रॉसिटीविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. ती चोवीस तास चालते आणि टोल फ्री आहे.

थांबा: शिवीचा स्क्रीनशॉट ‘याला धडा शिकवा’ म्हणून चार ग्रुपांवर टाकू नका. तीच शिवी तुम्ही आणखी हजार लोकांपर्यंत, त्यातल्या शाळकरी पोरांपर्यंतही, नेता. वर समोरच्याचा नंबर आणि पत्ता फिरला तर आपलीच पोरे अडचणीत येतात. रागाच्या भरात दारावर गेलेल्या पोरांवर गुन्हा नोंदला गेला आणि मूळ शिवी बाजूला राहिली, असे मी दोनदा पाहिले आहे.

टप्पा ५: प्लॅटफॉर्मकडे तक्रार

रिपोर्ट करताना कारण नीट निवडा. ‘मला हे आवडत नाही’ किंवा ‘स्पॅम’ नव्हे, तर द्वेषपूर्ण मजकूर. मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) आणि यूट्यूब या दोन्हींच्या द्वेषविरोधी नियमांत जात हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. तिथे जात येत नाही असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा.

व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट केल्यास त्या व्यक्तीचे किंवा ग्रुपचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. शिवीनंतर तीस ‘गुड मॉर्निंग’ आले असतील तर कंपनीला गुड मॉर्निंगच दिसणार. म्हणून नेमका तो मेसेज दाबून धरून तिथूनच रिपोर्ट करा. आणि रिपोर्टसोबत चॅट डिलीट करण्याचा पर्याय येतो, त्यावरची खूण आधी काढा. घाईत ‘ओके’ दाबून लोक स्वतःचाच पुरावा पुसतात.

उत्तर ‘नियमभंग आढळला नाही’ असे आले तर दचकू नका, फेरतपासणी मागा. मराठी टोमणा यंत्राला कळत नाही. ‘कोट्यातला’ या शब्दात त्याला काय दिसणार? म्हणून पुढची तक्रार कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा आणि त्यात तो शब्द कोणासाठी, कशा अर्थाने वापरतात, ते दोन वाक्यांत समजावा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार त्यांना २४ तासांत पोच द्यावी लागते. निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ग्रिव्हन्स अपिलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील करता येते.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे: काढून टाकलेला मजकूर कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपायचा असतो. म्हणजे पोलिसांकडे जायला सहा महिने लावलेत, तर हातचे गेले.

टप्पा ६: कोणते कलम बसते, याचा अंदाज

कलमे लावणे पोलिसांचे काम आहे. पण अंदाज नसेल तर तक्रारीत नेमके हवे तेच सुटते.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ मधली चार पोटकलमे इथे कामाची. ३(१)(आर): लोकांना दिसेल अशा ठिकाणी अपमान करण्याच्या हेतूने हिणवणे किंवा धमकावणे. ३(१)(एस): तशाच ठिकाणी जातीच्या नावाने शिवी देणे. ३(१)(यू): समाजाविरुद्ध द्वेष पसरवणे. ३(१)(व्ही): समाजाला वंदनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर. बाबासाहेबांवरच्या गलिच्छ मीमला हे शेवटचे लागू होऊ शकते, आणि नेमके तेच लोकांना माहीत नसते.

‘लोकांना दिसेल अशा ठिकाणी’ यावरच सगळे अडते. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले की इंटरनेटवर टाकलेला अपमानही यात येतो, पीडित व्यक्ती त्या क्षणी ऑनलाइन असायलाच हवी असे नाही. उलट, फक्त तुमच्या इनबॉक्समध्ये आलेली शिवी ‘आर’ आणि ‘एस’मध्ये बसवणे कठीण. त्यात धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेही स्पष्ट केले की दलित व्यक्तीचा प्रत्येक अपमान या कायद्याखाली येत नाही, तो जातीमुळे केलेला असावा लागतो. म्हणून वादाच्या आधीचे मेसेज हवेत असे वर सांगितले.

आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागत नाही. आणि पुण्यात शिकणाऱ्या नागा, मिझो मुलांसाठी: दाखला दुसऱ्या राज्याचा आहे म्हणून परत पाठवले तर ऐकू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये या कायद्याचे संरक्षण देशभर मिळते असे सांगितले आहे.

थांबा: अर्जात ‘आयटी अॅक्ट ६६ अ’ लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २०१५ मध्येच रद्द केले. अजूनही दर तिसऱ्या अर्जात ते दिसते.

टप्पा ७: पोलीस ठाणे

अर्ज घरी लिहा, दोन प्रती काढा. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, तुमची जात, दाखल्याचा क्रमांक. दुसऱ्यात आरोपी कोण, त्याला तुमची जात कशी माहीत. तिसऱ्यात घटना. चौथ्यात साक्षीदार आणि जोडलेले पुरावे.

तिसऱ्या परिच्छेदात सगळ्यांचे पाय अडखळतात. लोक लिहितात, ‘मला जातीवाचक व अश्लील शिवीगाळ केली.’ यात गुन्हाच नाही, कारण शब्दच नाहीत. जो शब्द वापरला तो जसाच्या तसा, फुल्या न मारता, अवतरणचिन्हात लिहा. मागे एका ताईंसोबत गेलो होतो. शिक्षिका आहेत, वर्गात खणखणीत बोलणाऱ्या. अधिकाऱ्याने विचारले, ‘नक्की काय म्हणाला?’ तर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या. शेवटी मी अर्ज पुढे सरकवला आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवले. आधी लिहून नेले नसते, तर आम्ही त्या दिवशी तसेच परतलो असतो.

ठाण्यात काही ठरावीक वाक्ये ऐकू येतात. त्यांची उत्तरे पाठ करून जा.

‘एनसी घेतो.’ एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, एफआयआर नव्हे. सही करण्याआधी वरचा मथळा वाचा.

‘आधी चौकशी करू, मग बघू.’ अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १८ अ नुसार एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

‘हे आमच्या हद्दीत नाही, सायबरला जा.’ झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार टाका, पण तिथला नंबर मिळाला म्हणजे एफआयआर झाला असे समजू नका. आणि १९३० ही हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

‘मिटवून घ्या, तो माफी मागतोय.’ हे तुमच्यावर आहे. मिटवायचेच असेल तर ठाण्याबाहेर चहाच्या टपरीवर नव्हे. जिथे शिवी दिली त्याच ग्रुपवर, नावासह, लेखी माफी घ्या.

नोंदवलेली माहिती वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. फोन ताब्यात घेत असतील तर पंचनामा आणि पावती मागा. आदल्या रात्री बॅकअप घेतलेला असू द्या, फोन लवकर परत मिळत नाही.

नोंद घ्यायलाच नकार दिला, तर अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगालाही प्रत टाका. जमातीच्या व्यक्तीसाठी आयोग वेगळा आहे.

तपासा: एफआयआरच्या प्रतीवर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची पोटकलमे आहेत ना? नुसती न्याय संहितेची कलमे लावून प्रत हातात देण्याचा प्रकार होतो, आणि घरी जाईपर्यंत कोणी वाचत नाही.

टप्पा ८: एफआयआरनंतर

तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, शहरात सहायक पोलीस आयुक्ताने. मुदत ६० दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो दिवस गोल करून ठेवा. सरकारी आर्थिक मदतीचा पहिला हप्ता एफआयआरनंतर मिळतो. त्यासाठी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात स्वतः चौकशी करा, आपोआप कोणी फोन करत नाही. आरोपीने जामिनासाठी अर्ज केला तर कलम १५ अ खाली तुम्हाला त्याची सूचना मिळण्याचा आणि तुमचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क आहे.

या काळात केसबद्दल काहीही पोस्ट करू नका.

टप्पा ९: तुम्ही अॅडमिन असाल तर

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. हे वाचून काही अॅडमिन हात झटकतात. पण तक्रार आली की मेसेज उडवायचा अधिकार तुमच्याच हातात असतो, आणि तो चुकीच्या क्षणी वापरलात तर पुरावा तुम्हीच पुसता. आधी ज्याला बोलले गेले त्याला खासगीत विचारा: ‘रेकॉर्डिंग झाले का?’ हो म्हणाल्यावर मेसेज काढा, काढल्याचे ग्रुपवर सांगा, आणि त्या सदस्याला बाहेर करा. ‘दोघांनीही शांत राहावे’ हे वाक्य लिहू नका. शिवी एकानेच दिलेली असते.

ग्रुपच्या वर्णनात एवढे लिहून ठेवा, हवे तर इथूनच उचला:

‘या ग्रुपवर जात, धर्म, प्रांत, रंग किंवा स्त्री असण्यावरून टोमणा, विनोद, मीम चालणार नाही. पहिल्याच वेळी बाहेर केले जाईल. तक्रार अॅडमिनपैकी कोणालाही खासगीत करा, तक्रारदाराचे नाव ग्रुपवर येणार नाही.’

अॅडमिन किमान दोन ठेवा, आणि ते एकाच घरातले किंवा एकाच गोतावळ्यातले नकोत.